पाचशे किलोमीटर एकट्यानं

निवृत्त झालेल्या माणसानं शेत बघावं, नातवंडं खेळवावी, नाहीतर पारावर जाऊन बसावं, असं आमच्याकडं समजतात. मी निवृत्त झाल्यावर मोटरसायकलचं इंजिन बांधून घेतलं. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते सगळं इथं लिहीत नाही. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला की भंगारात द्या, नवी घेऊ. बायको म्हणाली की ह्यांना सांगून उपयोग नाही, आणि ते खरंच आहे.

गाडी शंभर सीसीची. प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून तिच्यावर मी तीन गावं केली. शेवटी शेवटी ती इतका निळा धूर सोडायची की गल्लीत कोणी तरी विचारायचं, गुरुजी, डासांची फवारणी चालू झाली का. पेट्रोलच्या बरोबरीनं ऑइल पीत होती. पिस्टन आणि रिंगा झिजल्या होत्या. दोनच वाटा होत्या. एक तर भंगार, नाहीतर इंजिन पूर्ण उतरवून नव्यानं बांधायचं.

बांधायला मी शेवगावच्या एका मिस्त्रीकडं दिली. पाथर्डी रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. वय माझ्याएवढंच, मदतीला कोणी नाही. चाळीसेक वर्षं त्यानं तालुक्यातली इंजिनं बांधली. पण दोन-तीन वर्षांपासून त्याचे कान गेले होते. अगदी ठार बहिरा नाही, पण समोर उभं राहून मोठ्यानं बोलावं लागायचं. समोरच्या बाजूला एक नवं गॅरेज निघालं होतं, तिथं बसायला सोफा होता. तरुण पोरं तिकडं जायला लागली होती. मुलगा म्हणाला, बहिऱ्या मिस्त्रीकडं इंजिन देताय? त्यानं असं म्हटलं म्हणून मी त्याच्याकडंच दिलं. मिस्त्रीवर माझा फार लोभ होता असं नाही, हट्ट होता.

मिस्त्री इंजिन कानानं तपासायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतला एकेक भाग, पिस्टन काय, टॅपेट काय, वेगळा ऐकू येतो. कान गेल्यावर त्यानं काय करावं, तर मूठ दातात धरायला लागला. मी विचारलं तेव्हा म्हणाला की आवाज हाडातून येतो, कान लागतोच कशाला. बघणाऱ्याला ते विचित्र दिसायचं. वाकलेला म्हातारा, तोंडात स्क्रूड्रायव्हर, डोळे मिटलेले. समोरच्या गॅरेजातली पोरं हसायची आणि त्याला ते ऐकू जात नसे, हे एक बरं होतं.

इंजिन बांधून झालं त्या सकाळी त्यानं मला बोलावून घेतलं. आधी प्लग काढून त्यानं दहा-वीस किका नुसत्या मारल्या, वरपर्यंत ऑइल चढावं म्हणून. मग प्लग बसवला, चोक ओढला आणि मला म्हणाला, मारा. गाडी ज्याची त्यानंच पहिली किक मारायची, हा त्याचा नियम. तिसऱ्या किकला इंजिन लागलं. थोडा पांढरा धूर आला, सायलेन्सरला लागलेलं ऑइल जळाल्याचा वास आला, आणि मग ते एका लयीत चालायला लागलं. मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर दातात धरला. मी उगाचच श्वास धरून उभा होतो. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, मान हलवली आणि इंजिन बंद केलं. थंड होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. असं चार वेळा.

नंतर नियम सांगितले. नवा पिस्टन आणि नवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, एकमेकांना घासून बसायला वेळ लागतो. तोवर पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. एकाच वेगात फार वेळ चालवायची नाही. वीस किलोमीटर झाले की झाडाखाली उभी करायची. ओझं नाही, घाट नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबलसीट नाही. त्यानं मीटरचा आकडा बघितला आणि पत्र्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवला. मी मान डोलावली. चाळीस वर्षं पोरांना मी सूचना नीट ऐका म्हणून सांगत आलो होतो.

आता अडचण काय झाली ती सांगतो. आमच्याकडं गाडीवर एकटा माणूस दिसला की हात करायचा आणि त्यानं थांबायचं, हा धर्मच आहे. एसटीचा भरवसा नाही. थांबला नाही तर चार दिवस तोच विषय. त्यात मी गुरुजी, अर्धा रस्ता माझा विद्यार्थी. शिवाय मी निघायचो तो नुसते किलोमीटर भरायला, कामधंदा काही नाही. कुठं निघालात म्हणून विचारलं तर सांगायचं काय? कुठं नाही. म्हणजे कुठं नाही निघालाय आणि तरी घेत नाही. पहिल्या दोन दिवसांतच माझी तालुक्यात शोभा झाली. तरी मी नेटानं सव्वाशे किलोमीटर एकट्यानं काढले.

तिसऱ्या दिवशी तिसगावच्या स्टँडवर माझे व्याही उभे होते.

माझी धाकटी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. करंजीचा घाट चढून वर गेलं की त्यांची वस्ती. माणूस सरळ, कमी बोलणारा, पण अंगानं चांगला भरलेला. शेजारी सरकी पेंडीची गोणी. बाजार करून एसटीची वाट बघत दीड तास उभे होते. त्यांनी हातसुद्धा केला नाही. मला बघून नुसते हसले, आणि गोणी उचलायला वाकले.

इतर कोणालाही मी नाही म्हटलं असतं. गावच्या सरपंचाला म्हटलं होतं. पण मुलाकडच्या माणसाला, भर स्टँडवर, इंजिन नवं आहे म्हणून बसू नका असं मुलीच्या बापानं कसं म्हणायचं? ज्याला जमेल त्यानं म्हणून दाखवावं. मी म्हटलं, बसा की. गोणी टाकीवर माझ्या पुढ्यात आडवी टाकली, व्याही मागं बसले, गाडी मागून एवढी दबली की पुढचं चाक हलकं झाल्यासारखं वाटलं. सपाटीला ठीक होतं. करंजी गेली, घाट लागला. दुसऱ्या गिअरवर मी तिला वर ओढत होतो आणि मनात म्हणत होतो, थोडंच राहिलंय. अर्ध्या घाटात तापल्याचा वास आला. मग ताकद गेली, आणि एकदम मागचं चाक जागच्या जागी अडकून फरफटलं. मी क्लच दाबला म्हणून पडलो नाही.

पिस्टननं धरलं होतं. कच्चं इंजिन फार तापलं की पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो, त्याला मिस्त्री लोक धरणं म्हणतात. मला ते तिथंच कळलं. व्याह्यांना मात्र मी सांगितलं की पेट्रोलमध्ये कचरा आला असेल. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. मागून आलेल्या जीपमध्ये त्यांना गोणीसकट बसवलं आणि गाडी एका रिकाम्या टेम्पोत घालून शेवगावला आणली.

गॅरेजवर चार-पाच माणसं बसली होती. गाडी उतरवली. मिस्त्रीनं किक दाबून बघितली, तोंड गंभीर केलं, माझ्याजवळ आला आणि विचारलं, "गुरुजी, एकटंच हुता न्हवं?"

मी म्हणालो, "एकटाच होतो."

का म्हणालो, ह्याचा विचार मी पुढं पुष्कळ केला. व्याह्यांच्या वजनानं माझं इंजिन बसलं, हे त्या चार माणसांसमोर बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत तिखटमीठ लागून ते घाटावर पोचलं असतं, आणि तिथं माझी मुलगी नांदते. हे एक कारण. ते अर्धंच आहे. दुसरं अर्धं असं की सांगितलेला नियम मी तिसऱ्या दिवशी मोडला, हे कबूल करायला माझी जीभ वळली नाही. पोरांना आम्ही कान धरून जे कबूल करायला लावतो तेच.

टाकीच्या कडेला, झाकणाच्या खोबणीत, पेंडीचा पिवळा भुगा अडकला होता. मी बघितला, मिस्त्रीनंही बघितला. हातातल्या फडक्यानं त्यानं तो पुसून टाकला आणि गाडी आत घेतली. मी समजलो, याला कळलं. कळलं आणि यानं चारचौघांत माझी झाकली मूठ राहू दिली. घरी येताना मला हायसं वाटलं, मिस्त्री मोठ्या मनाचा निघाला असंही वाटलं. आपल्या सोयीचं असलं की दुसऱ्याचं मोठं मन लगेच दिसतं.

इंजिन पुन्हा उतरवलं. सिलिंडरवर खोल ओरखडे होते. बोअर आणखी मोठा मारून आणला, मोठ्या मापाचा पिस्टन घातला. मजुरी घ्यायला तो तयार होईना, माझ्या हातून झालं असं दोनदा म्हणाला. मला वाटलं, लोकांसमोर बोलायची रीत म्हणून म्हणतोय.

तोवर ती गोष्ट माझ्या पुढं पळत होती. केस कापायला गेलो तर खुर्चीवरचा माणूस सांगत होता की बहिऱ्या मिस्त्रीनं गुरुजींचं इंजिन सव्वाशे किलोमीटरमध्ये वाया घालवलं. गुरुजी तर चाळीसनं चालवत होते, डबलसीटसुद्धा कोणाला घेत नव्हते, अख्ख्या तालुक्यानं बघितलंय. माझ्या सज्जनपणाचे दाखले देऊन लोक त्याला बुडवत होते. गॅरेजसमोर एरवी सहा-सात गाड्या असायच्या. आठ दिवसांनी गेलो तेव्हा माझी एकच होती.

दुसऱ्यांदा इंजिन चालू करायचा दिवस आला. किका, प्लग, चोक, सगळं तसंच. इंजिन लागलं. मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर उचलला, थोडा वेळ हातात धरून उभा राहिला आणि माझ्यापुढं केला.

"तुमी ऐका, गुरुजी. माज्या कानाचा भरवसा न्हाई राह्यला."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. त्याला काही कळलेलं नव्हतं. पेंड बघून त्यानं ती नुसती पुसली होती, घाण पुसावी तशी. गुरुजी एकटाच होतो म्हणाले, म्हणजे एकटेच असणार. मग चूक कोणाची? आपलीच. काही तरी वाजत असणार आणि आपल्याला ऐकू आलं नसणार. माझ्या दोन शब्दांवर त्यानं आपली चाळीस वर्षं मोडीत काढली होती. दिवाळी झाली की गॅरेज बंद करून चाकणला पोराकडं जायचं ठरवलंय, असंही तो सहज सांगून गेला.

मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येत होता, त्यातलं बरं काय, वाईट काय, मला काय कळणार? मी म्हणालो, चांगलं आहे. त्यानं आकडा पुन्हा खडूनं लिहिला. मला स्वतःची एवढी लाज नोकरीत कधी वाटली नव्हती. तरी तोंड उघडलं नाही. व्याही, मुलगी, चार माणसं, सगळं पुन्हा डोळ्यांपुढं आलं आणि मी गाडी काढून निघालो.

यावेळी मी कोणासाठीही थांबलो नाही. वर्गातली पोरं होती, नात्यातली होती, एकदा तर सख्खा मेव्हणा होता, तो अजून बोलत नाही. तिसगावला मी मुद्दाम जायचो. काय शोधत होतो ते मला माहीत होतं. तीनशेच्या पुढं गेलो त्या दिवशी व्याही तिथं उभे दिसले. गाडी थांबवली, बंद केली, आणि म्हणालो की तुम्हाला बसवता येणार नाही. मग कारण सांगितलं. मग मागचंही सांगितलं, घाटातलं आणि गॅरेजवरचं.

व्याह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तुम्ही तर पेट्रोलमध्ये कचरा होता म्हणाला होता, एवढं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "म्हंजी माजी अब्रू राखाया तुमी त्येची घालवली."

जीप आली, ते बसून गेले. या-जा काही म्हटलं नाही. रात्री मुलीचा रोजचा फोन आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोनं चार वेळा विचारलं की काय झालंय.

तिसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेलो. कट्ट्यावर रिकामटेकडे होतेच. मी उभं राहून सगळं सांगितलं. एकटा नव्हतो, मागं माणूस होता, पुढं गोणी होती, घाट होता, चूक माझी. मिस्त्रीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. माणूस कोण, ते मात्र तेव्हाही गिळलं. झालं काय, तर कट्ट्यावरचा एक जण म्हणाला की गुरुजी, तुमचं मन मोठं, पण म्हाताऱ्याला किती पाठीशी घालाल. बाकीचे माना डोलवायला लागले. माझं खोटं त्यांनी एका झटक्यात मानलं होतं, खरं मानायला कोणी तयार नव्हतं. चिडून मी मिस्त्रीकडं वळलो. तो मला हात जोडत होता. पोरांची समजूत काढता तशी माझी काढू नका, म्हणाला.

मुलीकडच्यानं मुलाकडच्यांकडं काही मागायचं नसतं. लग्नानंतर नऊ वर्षांत मी एक शब्द टाकला नव्हता. त्या संध्याकाळी व्याह्यांना फोन लावला आणि म्हणालो की सोमवारी माझे पाचशे पुरे होतात, ऑइल बदलायला गॅरेजवर जाईन, तुम्ही यावं अशी विनंती आहे. मग ते बघू म्हणाले आणि फोन ठेवला. बघू म्हणजे आमच्याकडं बहुतेक वेळा नाही.

सोमवारी खडूच्या आकड्यापासून पाचशे दोन किलोमीटर झाले होते. मिस्त्री खाली ऑइल काढत होता, जुनं ऑइल फडक्यातून गाळून त्यात धातूचा चमकणारा कीस आहे का बघत होता. एसटी आली, गेली. दुसरी आली. तिच्यातून व्याही उतरले, धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत, लग्नाला निघाल्यासारखे. कट्ट्यावर तीन-चार जण होते. व्याह्यांनी त्यांना रामराम केला, मिस्त्रीपुढं गेले आणि हळू आवाजात म्हणाले की त्या दिवशी गाडीवर मी होतो.

मिस्त्रीला ऐकू गेलं नाही. त्यानं कानाला हात लावला.

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. हा माणूस घरात पाणीसुद्धा खुणेनं मागतो. त्यांनी छाती भरून घेतली आणि समोरच्या गॅरेजातली पोरं हातातलं काम सोडून बघायला लागली एवढ्या मोठ्यानं ओरडले, "मी बसलो हुतो गुरुजींच्या मागं! व्याही हाय मी त्यांचा! टाकीवर गोणी हुती!"

मिस्त्री उठून उभा राहिला. त्यानं विचारलं, "कशाची गोणी?"

"सरकी पेंडीची."

मिस्त्री गाडीजवळ गेला. टाकीच्या झाकणापाशी, त्या खोबणीवरून, त्यानं अंगठा फिरवला. तिथं आता काही नव्हतं. माझ्याकडं तो बघेल आणि काही बोलेल म्हणून मी तयार होतो, बोलायलाच पाहिजे होतं. त्यानं मात्र नवं ऑइल ओतलं, बोल्ट आवळला, आणि मला हातानं खूण केली, मारा किक.

मी किक मारली. त्यानं भिंतीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला, मूठ पायजम्याला पुसली आणि दातात धरली. डोळे मिटून वाकला. व्याही, कट्ट्यावरचे, समोरची पोरं, सगळे उभे होते आणि कोणी हसत नव्हतं. मला तर इंजिन उत्तम वाटत होतं. पाचशे किलोमीटर ते मला उत्तमच वाटत होतं.

बऱ्याच वेळानं त्यानं स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढला.

"एक टॅपेट वाजतंय, गुरुजी. इतके दिवस तुमाला ऐकू आलं न्हाई?" असं म्हणून त्यानं पाना मागितला, आणि तो व्याह्यांनी उचलून दिला.